झानासीबाईंच्या गाडीचा जाड 8

प्रति,
मा. निबंधक,
ऐतिहासिक वाहन नोंद मंडळ,
एमिलिया विभाग, मोदेना.

विषय : सेर्व्हेल्ली 1600 स्पोर्ट, चॅसी नंबर 0184, यावरील 'नंबरात फेरफार' हा शेरा मागे घेण्याबाबत.

संदर्भ : 1) आपला तपासणी अहवाल, दि. 3 ऑक्टोबर 2011.
2) माझा पहिला अर्ज, दि. 11 ऑक्टोबर.
3) त्यावरील आपले उत्तर, दि. 27 ऑक्टोबर.

महोदय,

1. उपरोक्त गाडी मी श्रीमती इओले झानासी यांच्याकडून विकत घेऊ इच्छितो. त्यांचे दिवंगत पती रेन्झो यांनी ती 1964 साली कारखान्यातून नवी घेतली होती. जुनी स्पोर्ट्स गाडी घेण्यापूर्वी तिचा अस्सलपणा तपासून घ्यावा, असे आपल्या मंडळाचे माहितीपत्रक सांगते. त्याला अनुसरून मी तपासणीची विनंती केली. आज त्याचा पश्चात्ताप होतो.

2. आपले तपासनीस श्री. फाल्कीनेल्ली यांनी अडीच तास कसून तपासणी केली. इंजिन, गिअरबॉक्स, काचांवरील खुणा, सर्व काही मूळचे असल्याचे त्यांनी नोंदवले. मात्र चॅसी नंबरातील 8 हा 'प्रथम 3 असून त्यावर दुसरा ठसा मारलेला आहे, सबब नंबर बनावट' असा शेरा दिला. त्यांची नजर तीक्ष्ण आहे. 3 वर दुसरा ठसा मारलेला आहेच. तो मी मारला आहे.

3. खुलासा असा की, 1960 ते 1971 या काळात मी सेर्व्हेल्ली कारखान्यात चॅसीवर नंबर ठोकण्याच्या कामावर होतो. 1964 च्या जानेवारीत 8 चा पंच, म्हणजे अंक उमटवायचा पोलादी ठसा, फुटला. भांडारपाल श्री. ओदोनी यांच्याकडे नवा मागितला असता, फुटलेल्याचे दोन्ही तुकडे दाखवल्याशिवाय नवा मिळणार नाही, असे त्यांनी सांगितले. एक तुकडा सापडत नव्हता. तेव्हा 3 एकदा सरळ आणि एकदा उलटा ठोकून मी 8 करू लागलो. तो कमरेत जरा जाड यायचा. जूनमध्ये तुकडा सापडला, तो ओदोनींच्याच टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली. तेव्हा कुठे नवा पंच मिळाला; तुकडे माझ्याकडेच राहिले. अहवालातील चौथे छायाचित्र भिंगाखाली धरले, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांनी माझे हस्ताक्षर मला भेटले.

4. हे सर्व मी पहिल्या अर्जात कळवले होते. त्यावर, कामगाराचे निवेदन 'उत्पादक कंपनीने प्रमाणित केलेले असावे' असे आपण कळवले. कंपनी 1971 साली बंद झाली. आपण पत्रात दिलेल्या पत्त्यावर मी गेलो. तिथे आता किराणा दुकान आहे. तेथील व्यवस्थापिकेने माझे निवेदन दोनदा वाचले, हळहळ व्यक्त केली, आणि तिच्याकडे होता तो शिक्का उमटवून दिला. सदर प्रत सोबत जोडली आहे. शिक्क्यावर 'ताजे चीज विभाग' असे आहे, याबद्दल क्षमस्व.

5. आता तातडीचे कारण. झानासीबाई 15 डिसेंबरला मुलीकडे त्रेंतोला कायमच्या राहायला जात आहेत. त्यापूर्वी शेड रिकामी करायची आहे. गाडी अस्सल असल्याचे मी त्यांना शपथेवर सांगितले. त्या म्हणाल्या, "इव्हानो, तुझा 8 तुला ओळखू येतो, छान झालं. पण कागदावर माझा रेन्झो चोर ठरलाय. तो कागद बदलून आण, मग किल्ली माग." दुसरे गिऱ्हाईक लुगानोचे व्यापारी आहेत. कागद बदलला नाही तर बाई गाडी त्यांच्या हवाली करून मोकळ्या होणार आहेत, कारण रेन्झो कोण, हे त्या परक्या माणसाला ठाऊकच नसणार. त्या व्यापाऱ्याने मला मोकळेपणाने सांगितले, "आजोबा, तो नंबर मी घासून काढणार आणि नवा सुबक ठोकणार. मग बघा, मंडळ कसं हसत पास करतं." त्यांचा आपल्या कार्यपद्धतीचा अभ्यास चांगला आहे, असे खेदाने नमूद करतो.

6. पुढील परिच्छेद गाळावा, असा माझ्या पत्नीचा आग्रह होता. आपल्या कार्यालयाच्या दर्शनी दालनात आपली स्वतःची लाल सेर्व्हेल्ली उभी असते, नंबर 0188. अहवाल घ्यायला आलो तेव्हा मी ती अदबीने पाहिली. तिचे दोन्ही 8 फार देखणे आहेत. महोदय, ती गाडी 1964 च्या एप्रिलमधली आहे. एप्रिलमध्ये आमच्याकडे 8 नव्हता.

7. यात आपला दोष आहे, असे मी मानत नाही. बहुधा आपल्या आधीच्या कुणा मालकाला त्याच्या जाड 8 वरून कुणीतरी संशयाने विचारले असेल, आणि तो बिचारा घाबरून नंबर घासून नवा ठोकून बसला असेल. गाडी उत्तम आहे, तिचा दरवाजा बंद होतानाचा आवाज मूळचाच आहे. 0188 विषयी मी कुणाशी बोललेलो नाही आणि, या अर्जाचे उत्तर काहीही आले तरी, बोलणार नाही. त्याबाबत जोडकागद म्हणून काही देण्याचीही माझी इच्छा नाही.

8. विनंती एवढीच की, सोबतचा फुटका पंच आपण स्वतः हातात घ्यावा, 3 चा पंच पट्टीवर एकदा सरळ, एकदा उलटा ठोकून पाहावा, आणि झानासीबाईंच्या पतीचे नाव 15 तारखेपूर्वी स्वच्छ करावे. गाडी मला मिळाली तर आनंदच आहे. ठोकताना हातोडी हलकी धरावी, नाहीतर कंबर फार जाड येते.

आपला नम्र,
इव्हानो गेर्पेल्ली
(वय 72, नंबर ठोकणारा, निवृत्त)
मोदेना, दि. 21 नोव्हेंबर 2011

सोबत :
फुटका पंच, 8 चा, दोन्ही तुकडे (काड्यापेटीत).
3 चा पंच, चालू स्थितीत. काम झाल्यावर परत मिळावा.
ॲल्युमिनियमची कोरी पट्टी.
निवेदन, चीज विभागाच्या शिक्क्यासह.