सुरूमागचे साठ फूट

नरपड,
सोमवार, १८ मे

तीर्थरूप नविनमामा यांना भाचा हार्दिकचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मामींनाही नमस्कार, पण त्यांचा गुडघा दुखतो असं आई म्हणाली, म्हणून त्यांना लांबूनच.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा खोकला गेला. बाबा बोटीवर आहेत. मला मधले पंधरा दिवस जेवण जात नव्हतं, आता जातं. का जात नव्हतं तेच सांगायला हे पत्र आहे. फोन केला असता, पण तुम्ही दुकानात असता आणि माझ्याशी बोलता बोलता गिऱ्हाइकाशीही बोलता. मागच्या वेळी तुम्ही ‘अर्धा किलोच घे’ म्हणालात ते मला की त्याला, हे मला अजून कळलेलं नाही. (मी अर्धा किलो सुकट घेऊन ठेवली होती. संपली.) शिवाय फोनवर मी घाबरतो आणि महत्त्वाचं तेवढं विसरतो. कागदावर तसं होत नाही.

आमच्या पाड्याची गल्ली तुम्ही पाहिली आहे. मासळी धुतल्याचं पाणी तिथेच साचतं आणि बायका डोक्यावर टोपली घेऊन त्यातूनच ये-जा करतात. यंदा जानेवारीत सगळ्यांनी ठरवलं की नुसतं बोलत बसायचं नाही, पाड्याचा आराखडा आपणच करायचा आणि ग्रामपंचायतीत द्यायचा. देवळासमोर सभा भरली. लिहायला मला बसवलं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि लिहिण्यात चूक होत नाही. दहावी गणितामुळे दोनदा राहिली, हे मी सभेला आधीच सांगितलं होतं. (वहीत नोंद आहे, पान पहिलं.) त्यावर धर्मेशकाका म्हणाले, ‘अरे, नकाशात कुठे गणित असतं?’ धर्मेशकाका म्हणजे आमच्या मोठ्या बोटीचे तांडेल. समुद्रात त्यांचं ऐकतात, म्हणून जमिनीवरही ऐकतात.

त्यांनीच खडू घेतला आणि देवळासमोरच्या फरशीवर अख्खा पाडा काढला. अगदी सुरेख काढला, पण बोटीवरून दिसतो तसा काढला. खाली समुद्र, वर देवळाचा झेंडा, शेजारी पाण्याची टाकी, मग सुरूची झाडं, संपलं. बोट खाडीत घेताना याच खुणा लागतात, त्यामुळे बाकीच्या पुरुषांनाही नकाशा पूर्ण वाटला आणि सगळे चहाला उठले. तेवढ्यात सोनूबाईंची हेमाली पुढे आली. सोनूबाईंचं घर सुरूच्या मागे आहे, आणि तिथे आणखी चार घरं आहेत. ती म्हणाली, ‘काका, आम्ही सुरूमागे राहतो, पाण्याखाली नाही. म्हणजे जुलैत तिथेही राहतो.’ सगळे हसले, धर्मेशकाकाही हसले, पण घरं काही त्यांनी काढली नाहीत. म्हणाले, दिसत नाही ते कसं काढू, अंदाजाने काढलं तर बोट खडकावर जाईल. कुठली बोट, ते कोणी विचारलं नाही. मी वहीत लिहून ठेवलं की पाच घरं राहिली. (मी ते लिहिलं ते फक्त नोंद पूर्ण असावी म्हणून. पाड्यात काही लोक वेगळं बोलतात, त्यांच्याकडे तुम्ही लक्ष देऊ नका.)

मग गल्ली मोजायची होती. टेप कोणाकडे नव्हती, आणि टेप कशाला हवी, असंही ठरलं. आपल्याकडे दोरी जशी मोजतात तशीच मोजायची, वावेने. दोन्ही हात पसरायचे, या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. एक वाव म्हणजे सहा फूट, हे मी शाळेत नव्हे, बोटीवर शिकलो. खाडीपासून सुरूच्या झाडांपर्यंत जाळ्याची जाड दोरी ताणली. दोरीचं एक टोक धरायला कोणीतरी हवं होतं, ते हेमालीने धरलं. (मी सांगितलं नव्हतं. ती तिथे उभी होती.) धर्मेशकाकांनी हात पसरत पसरत पन्नास वावा मोजल्या. एवढ्यात भरती लागली आणि बोट काढायला ते निघून गेले. उरलेल्या वावा मी मोजल्या. साठ झाल्या. पन्नास आणि साठ मिळून एकशे दहा, गुणिले सहा, सहाशे साठ फूट. हा गुणाकार मी तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा बरोबर आला. मी कागदावर सहाशे साठ लिहिलं, खाली सही केली, ग्रामसभेत हात वर झाले आणि एप्रिलमध्ये सहाशे साठ फूट गटार मंजूरही झालं. पाड्याने मला श्रीफळ दिलं. आईने त्याच्या करंज्या केल्या.

करंज्या संपायच्या आत धर्मेशकाकांनी मला नांगराची दोरी कापायला सांगितली, दहा वावा. मी मोजून कापली. ते समुद्रावर जाऊन आले ते दोरी खांद्यावर टाकून थेट आमच्या दारात. दोरी तळाला पुरली नव्हती. त्यांनी माझ्यासमोर हात पसरून ती मोजली, आठ भरल्या आणि थोडी उरली. मग मला म्हणाले, ‘हार्दिक, या तुझ्या दहा आहेत रे. माझ्या नाहीत.’ आणि हसत हसत गेले. माझी वाव पाच फुटांची आहे, मामा. (आईने शिवणाच्या टेपने मोजली. दोनदा.) म्हणजे गल्लीतल्या माझ्या साठ वावा तीनशे साठ फूट नव्हत्या, तीनशेच होत्या. गटार सहाशे साठ फूट आणि गल्ली सहाशे. सरकारी कागदावर माझ्या सहीने साठ फूट अशी जमीन होती, जी नरपडमध्ये नाही.

तेव्हापासून जेवण जाईना. मला वाटायचं, इंजिनियर साहेब आखणीला येतील, टेप सुरूशी येऊन संपेल आणि ते विचारतील, पुढची गल्ली कुठे आहे. मग मंजुरी रद्द होईल, पावसाळा येईल, बायका पुन्हा त्याच पाण्यातून जातील आणि प्रत्येक जण माझ्या हातांकडे बघेल. मी तीन पानी अर्ज लिहिला. त्यात चूक माझी, ती कशी झाली, कोणत्या वावेपासून झाली, धर्मेशकाकांची उंची, माझी उंची, असं सगळं क्रमाने लिहिलं. साहेब गेल्या बुधवारी आले. अख्खा पाडा जमला होता. त्यांनी टेप उघडायच्या आधीच मी अर्ज पुढे केला.

साहेबांनी तिन्ही पानं वाचली. मग मला म्हणाले, ‘हात पसर बघू.’ मी पसरले. धर्मेशकाकांना म्हणाले, ‘तुम्ही पण.’ ते माझ्याशेजारी हात पसरून उभे राहिले, आणि पाड्यातल्या लहानमोठ्यांनी आम्हा दोघांना तसं पाहून घेतलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, ‘मग साठ फूट कमी करू का?’ पुरुष समुद्राकडे बघू लागले. तेव्हा सोनूबाई मागून पुढे आल्या, डोक्यावर रिकामी टोपली तशीच. म्हणाल्या, ‘साहेब, कमी कशाला करता? यांच्या नकाशात आमची पाच घरं नाहीत, आणि याच्या नकाशात साठ फूट जास्त आहेत. दोन्ही एकाच जागी आहेत, या दाखवते.’

सगळे सुरूच्या मागे गेले. धर्मेशकाका तिथे किती वर्षांनी आले कोण जाणे, कोणाचं घर कुठलं ते विचारत होते. साहेब म्हणाले, घरं आहेत हे दिसतं, पण पाणी गटाराकडे उतरेल का? सोनूबाईंनी मासळी धुतलेली बादली उचलली आणि दारात ओतली. पाणी साहेबांच्या बुटांवरून गेलं, पण गेलं गल्लीकडेच. साहेबांनी बूट झटकले आणि टेप लावली. सुरूपासून शेवटच्या दारापर्यंत अठ्ठावन्न फूट भरलं. उरलेल्या दोन फुटांचं काय, असं मी विचारलं. (विचारायलाच हवं होतं.) सोनूबाई म्हणाल्या, तिथे कपडे धुवायचा दगड बसवा आणि या पोराला आता घरी न्या. शनिवारी ग्रामसभेत तसा ठराव झाला. ठराव मीच लिहिला. फरशीवरचा नकाशा पुसून गेला होता, तो धर्मेशकाकांनी पुन्हा काढला आणि त्यात स्वतः खडूने पाच घरं काढली, जरा मोठीच काढली. काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय, आणि मी रोज तीन भाकऱ्या खातो.

तुम्ही सगळे सुखरूप असा, दुकान जोरात चालो, आणि मामींचा गुडघा मी येईन तोवर वाकता होवो, म्हणजे त्यांनाही जवळून नमस्कार करता येईल.

तुमचा भाचा,
हार्दिक

ता. क. : वर गटाराबद्दल जे लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी नाही. एक जूनपासून मासेमारी बंद, बोटी वर ओढतील, बाबा घरी असतील. त्या आठवड्यात तुम्ही नरपडला या आणि आई-बाबांना घेऊन सोनूबाईंकडे जा. हेमालीला माझ्यासाठी मागणी घालायची आहे. तलासरीच्या बाजारात सोनूबाई फक्त तुमच्या तराजूवर विश्वास ठेवतात, असं आई म्हणते. माझ्या मोजण्यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागेल. कंसात मी जे जे लिहिलं आहे ते न वाचलं तरी चालेल.

ता. क. २ : पाकीट चिकटवायच्या आधी हे पत्र हेमालीने वाचलं. ती हो म्हणते. चूक एकही सापडली नाही म्हणून जरा नाराज झाली. मग म्हणाली, धर्मेशकाकांच्या एका वावेत एक दार आणि एक खिडकी मागे पडत होती, तुझ्या वावेत नुसतं दार, ते मला तू मोजायला लागल्या लागल्या कळलं होतं. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? तर म्हणाली, जास्तीचं कुठेतरी जाणारच होतं, आणि सुरूच्या मागे आमचंच घर आहे. तेव्हा मामा, चूक माझी असं मी वर लिहिलं आहे, ते कितपत बरोबर आहे हे आता मला सांगता येत नाही. मी ती ओळ खोडणार होतो. ती म्हणते, राहू दे, साहेबांकडे तशीच गेली आहे.