तीन बोटं एकावर एक

प्रिय ताई, धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे. खोली हवेशीर आहे आणि शेजारचा पेशंट घोरत नाही, हे काय कमी आहे.

जबड्याचं म्हणशील, तर डॉक्टरीणबाई माझ्या दातांमध्ये आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचतात. रोज एक वाढवली की जबडा हळूहळू उघडतो म्हणे. गेल्या आठवड्यात त्यांनी एक कमी केली. मला वाटलं, बाई चुकल्या. काल आणखी एक काढली आणि माझ्याकडे न बघता हात धुवायला गेल्या.

दाजी अजून तंबाखूचा बार गालात धरून झोपतात का? त्यांना आरशासमोर उभं कर आणि स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांग. गेली, तर तंबाखू आजच सोडा म्हणावं. अडकली, तर तडक डॉक्टरकडे ने, कितीही चिडले तरी. माझ्यासारखं हसण्यावारी नेऊ देऊ नकोस.

मी फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस. माझं बोलणं आता तुला कळायचं नाही. अक्षर मात्र अजून पूर्वीसारखंच आहे, तेवढं बघ.

तुझा,
धाकटा