गिजिया कुणाकडे?

जेनोवा,
१२ मार्च १९८९

ती. वाल्देमारमामास,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. म्हणजे बूट ओले आहेत आणि पोट अर्धं भरलंय, पण गेल्या आठवड्यापेक्षा बरं. पत्राला उशीर झाला त्याला कारण आहे. पोस्टात निघालो होतो, वाटेत एक बाई तिसऱ्या मजल्यावर पियानो चढवून घेत होती. दोर ओढायला माणूस कमी होता, मी हात लावला. पियानो खिडकीत अडकला तो अडकलाच. संध्याकाळी तिने आम्हा सगळ्यांना जेवायला ठेवून घेतलं आणि आता मी तिच्याच माळ्यावर राहतो. सिन्योरा ओर्तेंसिआ तिचं नाव. ती चण्याच्या पिठाची आपली फाइना करते, पण तिला भलत्याच नावाने हाक मारते आणि वर म्हणते की हा पदार्थ त्यांचाच, तुम्ही नेलात. मी वाद घातला नाही, कारण तुकडा हातात होता.

पणजोबांचा जन्मदाखला एका चर्चमध्ये सापडला. कचेरीतली बाई म्हणाली की त्याच्या जोरावर सप्टेंबरमध्ये इटलीच्या पासपोर्टचं होईल, पण तोवर इथला पत्ता सोडायचा नाही. सोडला की पुन्हा रांगेच्या शेपटाला.

आता मुद्द्याचं. बस सुटताना तू खिडकीवर थाप मारून म्हणालास की आता त्यांचंच मीठ खाणार आहेस तर युरोपचा फुटबॉल संघ तू निवड, दक्षिण अमेरिका माझी. नियम नेहमीचेच धरलेत: मेलेले चालतील, प्रत्येक जण आपल्या ऐन भरातला, आणि दी स्तेफानो दोघांनाही वर्ज्य, कारण त्याने इतक्या देशांचे शर्ट घातले की त्याच्यापायी आपण एक अख्खा नाताळ अबोल्यात काढलाय.

तर गोलात याशिन. मागे बेकेनबाउअर, त्याच्या शेजारी कोण हवं ते तोच सांगेल. पुढे पुश्काश, क्रॉयफ, युसेबिओ. आणि उजव्या बाजूला गिजिया.

खुर्चीत नीट बस. पन्नास सालच्या विश्वचषकात माराकाना मैदानावर त्याने आपल्या देशासाठी गोल मारून दोन लाख ब्राझीलवाल्यांची तोंडं बंद केली हे मला ठाऊक आहे, मी पाळण्यात होतो तेव्हापासून तू तेच सांगतोयस. पण पुढे तो इकडे आला, त्याला इटलीचे कागद मिळाले आणि तो इटलीकडून खेळला. म्हणजे माझ्या संघात बसतो.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो हे पत्र संपल्यावरही उरावा ही विनंती.

तुझा,
रामिरो

*

पाय्सांदू,
२ एप्रिल १९८९

चि. रामिरोस,
अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट फोडायच्या आधीच द्यायचे ठरवले होते म्हणून देतोय.

तुझं पत्र मामीने वाचून दाखवलं. याशिनपर्यंत मी निवांत नळीने कडू माते चहा पीत होतो. गिजियापाशी मामीला वाटलं की आपली ओळ चुकली, म्हणून तिने ती पुन्हा वाचली. मग मी जरा आडवा झालो.

युसेबिओ जन्मला आफ्रिकेत, त्याबद्दल मी अवाक्षर काढत नाही. शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणून दिवाणखाना सजवणाऱ्यांना काय बोलायचं? पण गिजिया? अरे, ज्या पोराला मी घोड्यावर बसायच्या आधी चेंडूवर बसवलं, त्याने हे लिहावं! म्हणे कागद मिळाले. कागद काय, कचेरीतली बाई कुणालाही देते. तुलाही देणार आहे. म्हणून तू उद्या इटालियन झालास का? तुला पाय पुसून घरात यायचं अजून जमत नाही.

उजवीकडे खेळायला माझ्याकडे गारिंचाही आहे, पण तो ब्राझीलचा. शिवाय त्याचे पाय बघ, एक आखूड, दोन्ही वाकडे. तो बाकावर बसेल आणि गिजियाकडे बघून शिकेल.

दोन कप्तानांना एकच गडी हवा असला की काय करायचं हे तुला सांगायला नको. पाव-चीज. समोरासमोर उभं राहायचं, एकाने 'पाव' म्हणत टाचेला बोट भिडवून पाऊल टाकायचं, दुसऱ्याने 'चीज' म्हणत, आणि शेवटी ज्याचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडेल त्याची निवड पहिली. या अंगणात तू सात वर्षांचा असल्यापासून माझ्याशी हरत आलायस. आलास की आणखी एकदा हर.

तब्येत ठणठणीत आहे. चांगला राहा, जेवत जा, आणि मन थाऱ्यावर आलं तर संघ सुधारून कळव.

तुझा मामा,
वाल्देमार

ता. क. हे मी लिहितेय, नेलिदामामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. ठणठणीत वगैरे काही नाही. त्याच्या उजव्या पायाचं अंगठ्याजवळचं बोट काळं पडलंय. साखरेमुळे. डॉक्टर म्हणतात पायाचा पुढचा भाग काढावा लागेल, मोंतेविदेओला जाऊन, आणि लवकर. नाहीतर गुडघ्यावर जाईल, आणि मग माणसावर. हा म्हणतो पाव-चीज झाल्याशिवाय नाही, अर्ध्या पायाने ते खेळता येत नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन विचारत होते की हे काय व्रत आहे का. अरे, घाबरलाय तो. भीतीला फुटबॉलचा शर्ट घालून हिंडवतोय. मी सांगितलं म्हणून लिहू नकोस.

*

जेनोवा,
२१ एप्रिल १९८९

ती. मामास,
शि. सा. न.

फार विचार केला. तुझंच बरोबर आहे. गिजिया तू घे. उजवीकडे मी तो इंग्रज लावतो, मॅथ्यूज, जो म्हातारा होईपर्यंत खेळत होता. पाव-चीजची आता काही गरज उरली नाही. तेव्हा तुला मोंतेविदेओला वगैरे जायचं असलं तर मोकळेपणाने जा. शहर छान आहे. समुद्राची हवा पायाला चांगली असते म्हणतात.

सिन्योराच्या पियानोत उंदीर निघाला. तो काढताना मी तीन सूर बिघडवले, पण ती वाजवते त्यात ते कळत नाहीत.

उत्तर धाड. राग असला तर तोही धाड, पण लोभाच्याच पाकिटात.

रामिरो

*

पाय्सांदू,
१४ मे १९८९

चि. रामिरोस,
आशीर्वाद.

त्या दिवशी पाकीट चिकटवायला मामीला फारच वेळ लागला हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. एवढी थुंकी लागत नाही.

गिजिया परत घे. दयेने दिलेला गडी मला नको, तो माझ्याकडे येऊन लंगडेल. तू जन्मात कधी मला काही सोडलं नाहीस, आंब्याच्या रंगाची ती सायकलसुद्धा नाही, आणि आता एकदम उदार! हे आजारी माणसाशी बोलणं झालं. मी आजारी नाही, माझा पाय आजारी आहे. दोन वेगळे विषय.

तू सप्टेंबरपर्यंत थांब, कागद घे, मग ये. पाय कुठे जात नाही.

मामी म्हणते की तोच जातोय. ती प्रत्येक वाक्याला उत्तर देते हल्ली.

सुखी राहा, आणि माझ्यावर दया सोडून बाकी जे काही आहे ते तसंच असू दे.

वाल्देमार

*

जेनोवा,
५ जून १९८९

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत माझे दोन पाय पाठवतोय.

बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर उभा राहिलो आणि सिन्योराने पेन्सिल फिरवली. तिला गुदगुल्या करायची खोड आहे, म्हणून डाव्या पायाची करंगळी जरा हललीय. मापात फसवाफसवी नाही म्हणून दोन्हीच्या तळव्यावर तिने सही केलीय. मामीने हे माझ्या वतीने अंगणात एकापुढे एक मांडायचे. तू तुझे खरे पाय टाक. लिंबाच्या झाडापासून टाकीपर्यंत, नेहमीसारखं. निकाल लागला की त्याच गाडीने मोंतेविदेओ.

पत्ता सोडला तर माझे कागद जातील, म्हणून ही युक्ती. मला ती रात्रभर सुचत नव्हती, सकाळी बूट शोधताना सुचली.

पायांना सांभाळून घ्या. मूळ माणूस मागाहून येतोच आहे.

रामिरो

*

पाय्सांदू,
२८ जून १९८९

चि. रामिरोस,
आशीर्वाद.

पाय मिळाले. सुबक आहेत. पोस्टमनने विचारलं की या पाकिटातून आलंय काय, तेव्हा मामीने सांगितलं की भाचा आलाय.

पण चालणार नाही. नीट ऐक. कागदाचा पाय मी खरा मानला, तर कागदाचा इटालियनही खरा मानावा लागेल, आणि गिजिया एक पाऊल न टाकताच तुझ्याकडे जाईल. हा डाव तू जाणूनबुजून टाकलास की तुझ्या डोक्यात एवढं येत नाही, यावर मामी आणि मी दोन दिवस बोलतोय. मामी तुझी बाजू घेते. ती म्हणते, येत नाही.

तेव्हा माणूस म्हणजे माणूस आणि पाय म्हणजे पाय. घाई नाही.

इथे थंडी पडलीय, द्राक्षवेल पार उघडी झालीय. स्वतःला जप, आमची आठवण ठेव, पण पुठ्ठ्यावर नको.

वाल्देमार

ता. क. रामिरो, काळं आता तीन बोटांवर गेलंय. पट्टी सोडली की मी खिडकी उघडते आणि तो विचारतो की थंडीत खिडकी कशाला. काल कपाटामागे आपल्या इथल्या त्या चाखा केकचा अख्खा डबा सापडला, पीचसकट. डॉक्टर आता माझ्याशीच बोलतात, त्याच्याशी नाही. तुझे पुठ्ठ्याचे पाय मी आरशाला लावलेत. मला आणखी काही लिहिता येत नाही. — मामी

*

मोंतेविदेओ,
६ ऑगस्ट १९८९

चि. रामिरोस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही पोचलो. हॉस्पिटलच्या खोलीत आणखी दोघे आहेत आणि तुझ्या मामाने त्या दोघांनाही कुठला गडी कुठे ते विचारून झालंय. उद्या सकाळी ऑपरेशनला नेणार. डॉक्टर म्हणाले अजून पुढच्या भागावर भागेल, टाच राहील. फार उशीर केलात, पण अगदीच नाही केलात, असं म्हणाले.

आमच्या मागे घरी कोंबड्यांना दाणे घाल. तुला विसरायला होतं म्हणून दारावर खडूने कोंबडी काढून ठेवलीय.

आता मला एक सांग. तू न कळवता येऊन उभा राहिलास, खांद्यावर पिशवी, जाताना नेलेली तुझी गिटार मात्र कुठे दिसेना. मी रडले, मग बेकरीत पाव आणायला गेले. जाताना तो खुर्चीत होता आणि तू अंगणात. परत आले तर त्याची बॅग भरून दारात! चार महिने मी बोलले, डॉक्टर बोलले, फादर बोलले. तू येऊन काय बोललास रे? त्याला विचारलं तर म्हणतो, खेळातलं खेळात.

सविस्तर लिही. घर सांभाळ, आणि आमच्यासाठी जे मागतोस ते उद्या जरा जास्त माग.

तुझी मामी,
नेलिदा

*

पाय्सांदू,
९ ऑगस्ट १९८९

ती. सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

शेजारी फोन आला होता, सगळं नीट पार पडल्याचं कळलं. कोंबड्या खाताहेत. एक शेजारच्या छपरावर गेली, तिला उतरवायला गेलो तर शेजाऱ्यांनी गळकी कौलंही दाखवली, ती बसवली, म्हणून पत्र आज.

मी काही बोललो नाही, मामी. तू कोपऱ्यावर वळलीस आणि मामा म्हणाला की आलायस तर उभा राहा. तो टाकीपाशी, मी लिंबापाशी. त्याने मोजा काढला, पट्टी काढली. मी तोंडाने श्वास घ्यायला लागलो. त्याने ते बघितलं आणि म्हणाला की पाव तुझा, चीज माझं.

चाललो. तो पाऊल टाकताना दर वेळी खाली बघायचा, कुणाचा तरी पाय उसना आणलाय आणि परत द्यायचाय तसा. मधे म्हणाला की बुटांना पॉलिश नाही, युरोपात हेच शिकवतात का. मी म्हणालो की पाव. शेवटी आमच्यात एवढीशी फट उरली आणि पाळी माझी. जन्मात पहिल्यांदा मी जिंकत होतो. आणि समोर होता त्याचा उजवा.

मी पाय वर धरला तो धरलाच. म्हणालो की हे झालंच म्हणून समजू. तो चिडला. म्हणाला की असं समजून गोल होत नाहीत, बूट काढ आणि ठेव, वजन टाकून ठेव, नाहीतर पहिल्यापासून. मग त्याने दात आवळले, मान वर केली आणि वेलीकडे बघत राहिला. आता दुखणार हे त्यालाही माहीत होतं.

मी ठेवला. आधी नुसता. मग वजन टाकलं, कारण फसवलं तर त्याला कळतं. तो वरच बघत होता. जरा वेळाने त्याने विचारलं की ठेवतोयस की संध्याकाळ करतोयस. मी म्हणालो की मामा, ठेवलाय. त्याने विचारलं, केव्हा. मी म्हणालो, मघाशीच.

तेव्हा त्याने खाली बघितलं.

 मग तो हळूच म्हणाला की उतर, जिंकलास. आणि म्हणाला की कपाटावरची बॅग काढ, मामी येईलच. एवढंच झालं.

माझ्या कागदांचं विचारू नकोस. गिटारचं आणि तिकिटाच्या पैशांचंही. गिजियाचं काय करायचं ते मला कळत नाही, तूच त्याला विचार. मी फक्त जिंकलोय.

खडूची कोंबडी पावसाने पुसली तर नवी मीच काढीन. तुमच्या दोघांच्या सावलीत मला थोडी जागा ठेवा.

रामिरो

*

मोंतेविदेओ,
१७ ऑगस्ट १९८९

चि. रामिरोस,
अनेक आशीर्वाद. या खेपेला पत्र न बघताच दिलेत.

पुढचं गेलं, टाच आहे. काठी लागेल म्हणतात. दुखतं. मामीला वाटतं की मी कुरकुर करतोय, पण मी फक्त बातमी सांगतोय: दुखतं.

गिजिया तुझा. नियम म्हणजे नियम. तो उद्या इटलीच्या निळ्या शर्टात उजवीकडून माझ्यावर धावून येईल आणि मला टाळी वाजवता येणार नाही, याची शिक्षा मी भोगीन.

माझ्या उजव्या बाजूला जागा रिकामी झाली. या खोलीतले दोघे म्हणाले की अमका घे, तमका घे. मी गारिंचाला बाकावरून उठवलं. एक पाय आखूड, दोन्ही वाकडे, हे मी आजवर त्याच्याविरुद्ध धरत आलो होतो. काल उभं राहून बघितलं. तो कसा पळत असेल हे मला अजून कळत नाही. पण तो माझ्याकडून खेळेल, शेवटपर्यंत, आणि त्याला कुणी बदलायचं नाही.

घरी येतोय. अंगण झाडून ठेव. लोभ आहे, तो आता एका पावलाने नि एका टाचेने चालेल, पण पोचेल.

तुझा मामा,
वाल्देमार

ता. क. पडल्यापडल्या विचार केला. पाव-चीजमध्ये शेवटची फट बारीक उरते, आणि बारीक फटीत अर्धा पाय जास्त चांगला बसतो. तेव्हा मी आलो की परत जा आणि सप्टेंबरच्या त्या रांगेत शेपटाला उभा राहा. पण जायच्या आधी लिंबापाशी ये. युसेबिओचं अजून आपलं काही ठरलेलं नाही.