काथ्या भरलेलं खानदान

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा नमस्कार (कोपरापासून नव्हे, चांगला कंबरेत वाकून, कंबर आता पूर्वीसारखी वाकत नाही ही गोष्ट वेगळी).

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींना झोप लागते का? आम्ही सगळे मजेत आहोत. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेऊन बसलो. आत्येभावाने तुझ्या बाहुलीचा फोटो तुला पाठवला, हे कळलं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असून मी त्याला दुकानात बसवून चहा पाजला. पण चोराचीही बाजू ऐकून घेतात, तशी माझी ऐक.

सुरुवात नातीने केली. मी एका खुर्चीला कापड ठोकत होतो आणि तिने विचारलं, आजोबा, तुमची आई कशी दिसायची? मी ठोकत राहिलो. (खिळे ओठांत धरलेले असतात, त्यामुळे ते खपून गेलं.) खिळे संपल्यावर मी नवे खिळे ओठांत घेतले. आई गेली तेव्हा मी पाळण्यात, घरात तिचा एक फोटो नाही. मला फार वाईट वाटलं. उद्या बाकीच्यांचंही असंच होणार, म्हणून मी आणि तुझ्या भावजयीने सोफ्यांच्या उरलेल्या कापडातून घरातल्या प्रत्येकाची बाहुली करायला घेतली. अंगावर ज्याच्या त्याच्या जुन्या कपड्याचा तुकडा, आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना जमवून त्या माणसाची गोष्ट. आत कापूस भरायचा होता, पण दुकानात पाहावं तिकडे काथ्या. त्यामुळे आपलं खानदान जरा टोचतं. (मुलं म्हणतात, खरे लोकही टोचतात.)

बातमी फुटली आणि जो तो आपली बाहुली तपासायला दुकानात हजर. मोठ्या काकांनी टक्कल बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि सोफ्याच्या झालरीचे केस लावून घेतले. केस पिवळे आहेत, काकांना चालतात. (त्यांच्या अंगावरचा तुकडा मी ज्या विजारीतून कापला ती रोजच्या वापरातली निघाली, तो विषय सध्या बंद आहे.) आत्याने पोटातला निम्मा काथ्या काढायला लावला. आता ती उभी राहत नाही, भिंतीला टेकून असते. मग गोष्टींची धुलाई सुरू झाली. काका लहानपणी नदीत बुडता बुडता वाचले होते ना, आता गोष्टीत ते दुसऱ्यांना वाचवतात. आत्या जन्मात कोणाशी भांडलेली नाही. सगळे इतके सज्जन झाले की मुलं जांभया देऊ लागली, आणि धाकटा नातू तर काकांवरच डोकं ठेवून झोपला. आईबद्दल या दोघांना विचारलं, तर काका म्हणतात उंच आणि सावळी, आत्या म्हणते बुटकी आणि गोरी. दोघांचं ऐकून शिवायला गेलो तर मला दोन आया होतील.

राहिली तुझी बाहुली. तू लांब राहतेस, दुरुस्तीला आली नाहीस, म्हणून ती जशीच्या तशी आहे. हो, जाडी आहे. ज्या कंबरेवर बसून मी वाढलो ती मला तेवढीच मोठी आठवते, त्याला मी काय करू? एका हाताने तू मला धरलं आहेस, आणि हो, दुसऱ्या हातात पळी आहे. मास्तरांनी मला मारलं म्हणून तू चुलीवरून उठून तशीच शाळेत गेलीस आणि पळीतलं गरम गरम वरण त्यांच्या बुटात सांडलं, ही एकच गोष्ट मुलं पुन्हा पुन्हा मागतात. मास्तरांची उडी मी खुर्चीवरून करून दाखवतो. भावजय तुझी म्हणते, खुर्ची मोडेल. पण मुलं जागी असतात, ताई, एकही पेंगत नाही. बाकी मंडळी फळीवर धूळ खातात आणि तुझा एक हात ओढून ओढून सैल झाला आहे.

तेव्हा आता राग सोड. भाऊजींना नमस्कार सांग, गुडघ्यांना जप.

तुझा,
कंबरेवरचा

ता. क. पळी काढता येणार नाही. मुलांनी मला तसं बजावलं आहे.

आणखी एक ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. आईची बाहुली तयार आहे, फक्त चेहरा कोरा आहे. कपाळ केवढं होतं, नाक कसं होतं, हसताना काय व्हायचं, हे आता तुझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. तू ये आणि माझ्या शेजारी बस. तू सांगशील तसं शिवीन, एक टाका माझ्या मनाचा घालणार नाही.

शेवटचा ता. क. जमलं तर लवकर ये. नात सुईत दोरा ओवून बसली आहे. तिचं म्हणणं, कोणालाच माहीत नसेल तर आजोबांच्या आईला ताईआजीचा चेहरा लावून टाकू. असं चालत नाही, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? डोळे मिटून आई म्हटलं की मलाही तोच दिसतो.