मधे न थांबणारं विमान

आई,
आधी तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना, मग तुला नमस्कार.

मी ठणठणीत आहे. कंपनीने लांब पल्ल्याची नवी विमानं घेतली, त्यांवर माझी नेमणूक झाली. मधे कुठेही न उतरता अर्धी पृथ्वी ओलांडतो, बाबांना सांग. त्यांचा खोकला कसा आहे?

परवा तुझ्याच वयाच्या एक बाई मागच्या रांगेतून उठून माझ्याकडे आल्या. पाय सुजले होते. "पोरी, पुढच्या झोपायच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. घटकाभर टेकू का?"

एवढं इंधन वाहणारं विमान पुढच्या महागड्या तिकिटांवरच परवडतं, म्हणून ती जागा कुणाला फुकट द्यायची नाही. हे नीट सांगता आलं असतं. मी सगळ्यांदेखत खेकसले, "तिथलं तिकीट काढलंय का?"

"चुकलं गं," म्हणत त्या परत गेल्या. नंतर पाण्यासाठीसुद्धा त्यांनी मला हाक मारली नाही. मीही गेले नाही. तोंडच नव्हतं मला.

माझ्याकडे यायचं ठरल्यापासून, लेकीच्या विमानातून जाणार, असं तू शेजारीपाजारी सांगत असशील. आई, तू मधे थांबणाऱ्या विमानानेच ये. पाय मोकळे होतील, आणि गणवेशातली तुझी लेक कशी बोलते, ते तुला ऐकावं लागणार नाही.

तुझी,
धाकटी