चेंडू डावीकडेच का जातो

३ मार्च, मंगळवार

पैज लावून बसलोय. आता हरलो तर घरात तोंड दाखवायला जागा नाही!

झालं असं — सकाळी मुलीचा फोन. जावई कामासाठी दोन महिने बाहेर, म्हणून ती नातीला घेऊन अठ्ठावीस तारखेला इकडे येतेय. पंधरा दिवस सासरी, बाकीचे आमच्याकडे, किंवा उलट. "तुम्ही मोठे ठरवा." नात अकरा महिन्यांची. "बाबा, उभी राहते, पण धरलेलं सोडत नाही. आता आठ-पंधरा दिवसांत चालेल बघा."

म्हणजे ज्यांच्याकडे पहिला पंधरवडा, त्यांच्यासमोर पहिलं पाऊल. हे गणित मी केलं, तसं व्याह्यांनीही केलंच होतं. संध्याकाळी क्लबवर दोघं एकदमच म्हणालो, "आधी आमच्याकडे!" मग तासभर वाद. व्याह्यांचं आयुष्य औषधाच्या दुकानात गेलं, त्यामुळे ते वादही गोळ्या मोजून दिल्यासारखा घालतात — एक मुद्दा सकाळी, एक संध्याकाळी. शेवटी ठरलं. बावीस तारखेला गोल्फच्या सरावाच्या हिरवळीवर दहा-दहा चेंडू, चार पावलांवरून. ज्याचे जास्त खळग्यात पडतील, त्याच्याकडे नात आधी. तोवर हिरवळ बंद आहे, नवं गवत लावलंय. म्हणजे सराव आपापल्या घरी.

बायको म्हणाली, "नातीवर पैज? दोघांचीही अक्कल गहाण पडलीय." मग भांडी आवरता आवरता, पाठ करून — "हरू मात्र नका."

५ मार्च, गुरुवार

आजवर क्लबची उसनी काठी वापरली. पैजेला स्वतःचा पटर हवा, म्हणजे चेंडू खळग्यात ढकलायची काठी. दुकानात गेलो.

दुकानदार शांत माणूस. बोलायच्या आधी पाच मिनिटं नुसता बघतो. म्हणाला, पटर दिसायला आवडला म्हणून घ्यायचा नसतो साहेब, हात कसा फिरतो त्यावर घ्यायचा. त्याने दोन काठ्या एकेका बोटावर आडव्या तोलून दाखवल्या. एक ठोकळ्याची, जाड डोक्याची — तिचं तोंड छताकडे बघत राहिलं. ज्याचा हात सरळ मागे-पुढे जातो, त्याला ही. दुसरी पात्याची, सडपातळ — तिचं टोक खाली लोंबलं. ज्याचा हात दाराच्या फळीसारखा किंचित कमानीत फिरतो, त्याला ही.

मला चटईवर वीस चेंडू मारायला लावले. "तुमचा हात कमानीतला. पात्याचीच घ्या." तिथे वीसपैकी चौदा पडले! पात्याची घेतली. खूश!

८ मार्च, रविवार

खुशी संपली. हॉलमध्ये स्टीलचा पेला आडवा ठेवून मारले. दहाच्या दहा डावीकडे. प्रत्येक चेंडू पेल्यापाशी पोचेपर्यंत वीतभर डावीकडे, गॅलरीच्या बाजूला. दुकानात सरळ आणि घरात वाकडा?

त्यात बायकोच्या हातून मटारांचं ताट निसटलं. सगळे दाणे घरंगळत गॅलरीच्या दाराशी. नेहमीप्रमाणे तिचं सुरू झालं — "तुमच्या फरशीला उतार आहे, उतार. बावीस वर्षं सांगतेय!"

मी म्हणालो, मटार गोल असतात, घरंगळणारच.

काय माणूस आहे! मी तीस वर्षं इमारती तपासल्या. लोकांच्या फरश्या नापास केल्या, उखडायला लावल्या. हे घर तर स्वतः उभं राहून बांधून घेतलं. आणि मला उतार शिकवतेय.

११ मार्च, बुधवार

चष्मा बदलून मारले. बूट काढून मारले. श्वास रोखून मारले. सगळे डावीकडे.

बायको वर्तमानपत्रातून मान न काढता — "मग उजवीकडे मारा की." म्हटलं, अगं, असली मलमपट्टी नको. दोष शोधायचा असतो, मुळाशी जायचं असतं. "जा मग मुळाशी," म्हणाली आणि पान उलटलं.

१२ मार्च, गुरुवार

मूळ सापडलं. दुकानाचीच फरशी वाकडी असणार! त्या वाकड्या फरशीवर माझा हात त्याला कमानीत दिसला आणि चुकीची काठी गळ्यात मारली.

माळ्यावरून जुनी पाणसळ काढली. काच पुसली, आतला बुडबुडा अजून ठणठणीत. पिशवीत घालून दुकानात. गुडघ्यांवर बसलो, फरशीवर ठेवली. चटईखाली ठेवली. काउंटरखालीही ठेवली. बुडबुडा तिन्ही ठिकाणी बरोब्बर मधे. गिऱ्हाइकं बघतायत. दुकानदाराने चहा मागवला.

आता माघार कशी घेणार? म्हटलं, फरशी ठीक आहे, पण मला ठोकळ्याचीच द्या. "साहेब, तुमचा हात—" म्हटलं, माझा हात मला कळतो. पात्याची परत केली, ठोकळ्याची आणली.

घरी सगळं सांगून बसलो. चूकच झाली. बायको हसून हसून खोकायला लागली. "नाचता येईना, अंगण वाकडं! तेही दुसऱ्याचं!"

१५ मार्च, रविवार

ठोकळ्याची फार गुणी काठी आहे. वजनदार, डुगडुगत नाही. चेंडू आता अगदी शिस्तीत डावीकडे जातो.

१८ मार्च, बुधवार

जमलं!! पेल्याकडे बघायचंच नाही. पेल्याच्या उजवीकडे वीतभरावर खुर्चीचा पाय आहे, त्यावर नेम धरायचा. दहापैकी नऊ पेल्यात!

बायको म्हणाली, "हे मी गेल्या बुधवारी सांगितलं होतं." तिने सुचवलेलं आणि मी शोधलेलं यात फरक आहे. काय तो, लगेच सांगता येईना.

२१ मार्च, शनिवार

दहापैकी दहा. व्याहीबुवा, आता बघाच.

२२ मार्च, रविवार

एक.

दहापैकी एक. तोही पाय घसरला म्हणून पडला.

सविस्तर लिहायची इच्छा नाही, पण लिहितो. व्याही आले, पिशवीतून काठी काढली. ओळखीची वाटली. नीट बघितलं तर माझीच — मी परत केलेली पात्याची! "जवळजवळ नवीन होती," व्याही म्हणाले, "दुकानदार म्हणाला, एका गृहस्थांनी फार विचार करून परत केलीय."

त्यांनी सहा घातले. मी मारला तो प्रत्येक चेंडू वीतभर उजवीकडे. पाचव्यानंतर कळलं, खळग्याकडेच नेम धरायला हवा. पण हात ऐकेना. चार दिवसांत त्याला खुर्चीच्या पायाची अशी सवय लागली होती की तिथे खुर्ची नसतानाही तो तिला शोधत होता.

घरी आलो. बायकोने फक्त चेहरा बघितला. आत जाऊन नातीसाठी आणलेले इवलेसे मोजे पुन्हा कपाटात ठेवले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. पैज माझी, आणि पहिलं पाऊल तिचंही गेलं.

२३ मार्च, सोमवार

रागाने हॉलमध्ये एक चेंडू मारला. खुर्चीच्या पायावर नेम. सरळ पेल्यात, टण्! दुसरा मारला. टण्!

बायको दारात उभी. "घरात पडतो आणि बाहेर पडत नाही. तीस वर्षं तपासनीस होतात ना?"

२४ मार्च, मंगळवार

ती बाजारात गेल्यावर पाणसळ काढली. आधी दाराला कडी लावली. स्वतःच्याच घरात चोरासारखा!

हॉलच्या मधोमध ठेवली. बुडबुडा उठला आणि सोफ्याच्या बाजूला जाऊन बसला. उलटी फिरवून ठेवली. परत सोफ्याच्याच बाजूला. दोरी ताणून मोजलं. सोफ्यापासून गॅलरीच्या दारापर्यंत चार मीटरला चार सेंटीमीटर उतार. एका सेंटीमीटरसाठी मी लोकांची फरशी उखडायला लावलीय!

मग तो गवंडी आठवला. बावीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये उकिडवा बसून म्हणाला होता, "साहेब, गॅलरीकडं जरा उतार वाटतोय." मी म्हणालो, मला शिकवू नकोस. त्याने मान खाली घातली आणि पुढची फरशी लावली. पाणसळ माझ्या हातातच होती. लावून बघितली नाही.

बायको आली. पिशव्या ठेवायच्या आधीच सांगून टाकलं — उतार आहे.

"हो का?" म्हणाली.

एवढंच. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आतून हसण्याचा आवाज येत होता. मीही हसलो शेवटी. अंगण वाकडं होतं खरं, पण बांधणाराही मीच आणि नाचणाराही मीच.

फरशीवाल्याला बोलावलं. एक जूनला, मंडळी गेल्यावर. सगळा हॉल उखडून सपाट करायचा. बायकोला वचन दिलं. संध्याकाळी दुकानदाराकडे जाऊन चूक कबूल केली. त्याने पुन्हा चहाच मागवला.

२८ मार्च, शनिवार

मुलगी आणि नात आल्या — व्याह्यांकडे. आम्ही तासभर जाऊन बघून आलो, पाहुण्यांसारखे. काय ते दोन दात!

२ एप्रिल, गुरुवार

फोन वाजला की दोघं दचकतो. आज व्याह्यांचा होता. "अजून नाही हो. भिंत धरून सगळं घर फिरते, सोडायचं नाव नाही."

ऐकून आनंद झाला. मग आनंद झाल्याची लाज वाटली. बायकोकडे बघितलं, तिचंही तेच चाललं होतं.

११ एप्रिल, शनिवार

व्याही स्वतः सोडायला आले. पंधरा दिवसांत एक पाऊल नाही! चेहरा उतरलेला. रोज सकाळी समोर खुळखुळा घेऊन बसायचे म्हणे. मला एकदम त्यांची दया आली. चहा झाल्यावर त्यांनी काठी पुढे केली. "ही पात्याची तुमच्याच हाताची. दुकानदाराने मला सगळं सांगितलं. माझा हात सरळ जातो, मला ठोकळ्याची द्या."

अदलाबदल केली. मी त्यांना पैज हरल्याचं कारण सांगितलं, पाणसळीसकट. त्यांनी वाकून फरशीकडे बघितलं, खिशातली एक गोळी काढून खाली ठेवली. गोळी निघाली आणि गॅलरीच्या दाराशी जाऊन थांबली. "परत घेऊ या का पैज?" म्हणाले. म्हटलं, नको. मोठी माणसं आहोत आपण.

१३ एप्रिल, सोमवार

सकाळी सव्वानऊ. बायको गॅलरीच्या दाराशी मटार सोलत बसलेली. नात सोफा धरून उभी. मी पात्याच्या काठीने पेल्यावर सरळ नेम धरून चेंडू मारला, तो आपल्या सवयीने डावीकडे निघाला. नातीने तो जाताना बघितला — आणि सोफा सोडला! चेंडूच्या मागे, उताराने, एक, दोन, तीन... बारा पावलं! थांबता येईना तिला! थेट आजीच्या मांडीत, मटारांसकट!

मुलगी धावत आली. मला डोळ्यांपुढचं दिसेना. बायको नातीला घट्ट धरून तशीच बसली होती. मग म्हणाली, "अहो, त्या फरशीवाल्याला आत्ताच्या आत्ता फोन करा. म्हणावं, येऊ नकोस."