काचेपलीकडची ती खूण

प्रिय काचेपलीकडच्या,

पहिला गोंधळ इथेच. तुला तू म्हणायचं की तुम्ही? कॅन्टीनमध्ये मी तुला 'अहो' म्हणत आले आणि तू मला 'बाई'. पण आपलं खरं बोलणं झालं ते स्टुडिओच्या काचेतून, हातांनी, आणि हातांच्या भाषेत अहो-जाहो नसतं. तेव्हा या पत्रापुरतं 'तू'च म्हणते. राग आला तर मनात ठेव, तशीही तुला सवय आहे.

मुद्द्यावर येते. तुझ्या निवृत्तीच्या दिवशी, माझ्या कार्यक्रमाच्या शेवटी, तू ती खूण का केलीस? मला ती कळली नाही. म्हणजे कळली, म्हणून तर सगळा घोळ झाला.

माझी धाकटी बहीण अजून विचारते, रेडिओवर तू बोलतेस, मग काचेपलीकडे बसलेला तो तंत्रज्ञ करतो तरी काय? मी सांगते, तो मला चालवतो. बोट रोखलं की बोलायचं. बोट गोल फिरवलं की आवरतं घ्यायचं. दोन्ही हात रबर ताणावं तसे लांब नेले की वेळ उरलाय, बोलत राहायचं. पहिल्या दिवशी तू नाकाच्या शेंड्याला बोट लावलंस, म्हणजे वेळ अगदी बरोबर जुळलीय. मला वाटलं, बिचाऱ्याला सर्दी झालीय. मधल्या सुट्टीत मी तुझ्या टेबलावर बामची डबी ठेवली आणि तू मुकाट्याने तो बाम चोळून बसलास! दिवसभर तुझ्या खोलीला त्याचा वास येत होता. माझी चूक मला सांगायला तुला वर्ष लागलं.

तर त्या दुपारी मी "पुन्हा भेटू, तोवर नमस्कार" म्हटलं आणि वर पाहिलं. घड्याळाप्रमाणे वेळ संपली होती, पण डोक्यावरचा लाल दिवा तसाच पेटलेला. दिवा पेटलेला म्हणजे माइक चालू, सगळं गाव ऐकतंय. आणि तू दोन्ही हात ताणत होतास. मी गडबडले. एकदा निरोप घेतलेल्या माणसाने पुन्हा काय बोलायचं? हवामान सांगून झालं होतं, तेच परत सांगितलं. तुझे हात ताणलेलेच. मग नव्या चपला चावतात ते सांगितलं. गच्चीवरच्या कुंडीत नुसती पानं माजलीत, टोमॅटो एक लागेल तर शपथ, हेही सांगितलं. तोवर तू हेडफोन कानांशी घट्ट धरून डोळे मिटले होतेस. मग दिवा विझला, तू उठलास आणि मागच्या दाराने निघून गेलास. तुझ्यासाठी आणलेला केक आम्हीच खाल्ला.

मी बोलणी खायच्या तयारीने साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "कसले टोमॅटो?" माझ्या नमस्कारानंतर लगेच पुढचं गाणं लागलं होतं. माझा आवाज बाहेर गेलाच नव्हता. तो फक्त तुझ्या हेडफोनपर्यंत पोचत होता आणि दिवा तेवढा तू पेटता ठेवला होतास. चपला, टोमॅटो, सगळं तू एकट्याने ऐकलंस.

तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा झालाय. तुझ्या जागी आलेली पोरगी म्हणते, काका जाता जाता गंमत करून गेले. साहेबांच्या मते दिव्याच्या वायरिंगचा बिघाड. धाकटी तर हसतच सुटली, "ताई, जन्मभर जगाला समजावतेस आणि एवढं तुला कळत नाही?" खरंच कळत नाही गं, म्हटलं. बोट गोल फिरवलं की आवर, हे आकाशातून पडलेलं नाही; आपण दोघांनी तसं मानलं, म्हणून ते तसं. पण दोघांनी मानलेली खूण एकाने परस्पर दुसऱ्याच कामाला लावली, तर दुसऱ्याने काय समजायचं? सकाळी वाटतं, थट्टा केली मेल्याने. दुपारी वाटतं, त्याची निरोप घ्यायची रीत असेल. संध्याकाळी भांडी घासताना भलतंच काही वाटतं आणि हातातलं पातेलं हातातच राहतं. या वयात असं वाटायची लाज नाही वाटत, भीती वाटते. समज चुकीची निघाली तर?

तसा तू आधीही एकदा मला असंच कोड्यात टाकलं होतंस. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा कामावर आले आणि बातम्या वाचता वाचता मला रडू फुटलं. तू झटकन माइक बंद करून संगीत लावलंस आणि काचेवर तळहात टेकवून उभा राहिलास. तशी खूण आपल्यात ठरलेलीच नव्हती. थांब म्हणत होतास, की मी आहे म्हणत होतास? नंतर कॅन्टीनमध्ये तू मला साखर कमी आहे का विचारलंस. काच मध्ये नसली की आपण दोघं असे ठोंबे!

आता हे पत्र आजच का, ते सांगते. गेले काही दिवस माझा आवाज बसतोय. घशात गाठ निघाली आहे. येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया. जिवाला धोका नाही, पण आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नाहीत. धाकटी पाटी-पेन्सिल आणून ठेवते म्हणतेय. त्या खुणेचा अर्थ मला तुला विचारायचाय, पण कागदावर नाही आणि फोनवरही नाही. समोर बसवून, माझ्या आवाजात, तो आहे तोवर. उत्तर काहीही असलं तरी चालेल, पण तोंडाने दे. त्याआधीच्या रविवारी ये. दारावरची बेल बिघडली आहे, कडी वाजव. मी आतून "कोण आहे?" विचारेन. लगेच ओ देऊ नकोस. मला दोन-तीनदा विचारू दे.

तुझीच, अजून गोंधळलेली,
बाई